18 हजार फॉलोअर आणि 45 घरं

परवा एका मित्राचा मेसेज आला. त्याच्या बायकोने दिवाळीच्या फराळाचा घरगुती व्यवसाय सुरू केलाय. "तू आयटीतला आहेस, जरा डिजिटल मार्केटिंगच्या टिप्स दे ना!" (आयटीतल्या माणसाला प्रिंटर दुरुस्तीपासून शेअर बाजारापर्यंत सगळं येतं असा एक गोड गैरसमज आपल्याकडे आहे.) मी उत्तर लिहायला बसलो आणि ते इतकं लांबलं, इतकं चिडचिडं झालं की म्हटलं शनिवार आहे, दुसरा चहा समोर आहे, सगळ्यांसाठीच लिहून टाकू.

या टिप्स तुम्हीही ऐकल्या असतील मंडळी. रोज पोस्ट टाका. रील करा, पहिल्या तीन सेकंदांत माणूस पकडा. तीस हॅशटॅग लावा. गिव्हअवे ठेवा. "शेवटचे काही तास" असं लिहा, लोक घाईत विकत घेतात. पोस्ट बूस्ट करा. आणि सगळ्यात मोठा मंत्र म्हणजे आधी ऑडियन्स वाढवा, विक्री आपोआप होईल.

माझं म्हणणं सरळ आहे. छोट्या उत्पादकासाठी हा मंत्र चुकीचा आहे. नुसता निरुपयोगी असता तर सोडून दिलं असतं, पण तो नुकसान करतो. हे मी पुस्तकं वाचून बोलत नाहीये. मामाचे पैसे घालवून शिकलोय.

तर झालं असं. माझ्या मामाची देवगडजवळ हापूसची बाग आहे, साधारण 130 कलमं. बरीच वर्षं त्याचा माल वाशीच्या मार्केटला जायचा. दलाल भाव ठरवणार, पट्टी येईल तेव्हा येणार आणि तीत हमाली, तोलाई, कमिशन वजा जाऊन जे उरेल ते आपलं. हळूहळू त्याने ओळखीतून थेट विक्री सुरू केली. पुणे, ठाणे, डोंबिवली अशी मिळून शंभराच्या वर घरं झाली. 2023 च्या मोसमात त्याने पाच डझनाच्या 210 पेट्या थेट विकल्या. उरलेला माल वाशीला, डागी आंबा कॅनिंगला.

आणि मग आला हुशार भाचा. म्हणजे मीच. म्हटलं, "मामा, एवढा चांगला माल आणि अजून फोनवर ऑर्डरी घेतोयस? ऑनलाइन जाऊया." एक एजन्सी गाठून दिली. 25 हजार रुपये महिना, तीन महिने. जाहिरातीचा खर्च वेगळा, तो झाला 40 हजार. एकूण 1 लाख 15 हजार. मामाने एकच प्रश्न विचारला होता, "इतक्यात दोन फवारण्या होतात रे?" मी त्याला "इन्व्हेस्टमेंट" हा शब्द समजावून सांगितला. आजही आठवलं की कसंतरी होतं.

2024 चा मोसम. काम जोरात. ड्रोनने बागेचं शूटिंग, मामीचा आढी लावतानाचा रील, गिव्हअवे, सगळं साग्रसंगीत. मे महिन्यापर्यंत 18 हजार फॉलोअर! मी ऑफिसात लोकांना पेज दाखवत फिरत होतो. शेवटी हिशेब केला तेव्हा त्या सगळ्या खटाटोपातून आलेल्या नव्या ऑर्डरी निघाल्या 41 पेट्यांच्या. म्हणजे पेटीमागे 2,800 रुपयांच्या वर नुसता मार्केटिंगचा खर्च. पेटी विकली 3,500 ला. त्यात फवारणी, मजुरी, पेटी, पेंढा, वाहतूक कुठून काढायची?

पण खरा धक्का पुढेच होता. जुन्या घरांची विक्री 210 वरून 160 वर आली होती. 160 अधिक 41, म्हणजे 201. सव्वा लाखाच्या आसपास खर्च करून आम्ही थेट विक्री नऊ पेट्यांनी कमी केली!

कारण कळलं ते डोंबिवलीच्या एका निवृत्त बाईंच्या फोनवरून. दरवर्षी तीन पेट्या घेणाऱ्या बाई. त्या म्हणाल्या, "अहो, तुमच्या पेजवर 'फक्त 7 पेट्या शिल्लक' लिहिलेलं बघितलं. म्हटलं संपले या वर्षीचे, म्हणून दुसरीकडून घेतले." ते 'फक्त 7 पेट्या शिल्लक' एजन्सीने तीन आठवडे तसंच ठेवलं होतं. गोदामात तेव्हा सत्तर पेट्या पडून होत्या. नव्या माणसाला घाई करायला लावणारी ती युक्ती जुन्या, विश्वासू माणसाने खरी मानली आणि तो शांतपणे निघून गेला. खोटं बोलण्याचा हा भुर्दंड कुठल्याच डॅशबोर्डवर दिसत नाही.

आणि हे नुसतं वाईट दिसतं असंही नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 30 नोव्हेंबर 2023 ला 'डार्क पॅटर्न' म्हणजे ग्राहकाला फसवणाऱ्या मांडणीविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात असे 13 प्रकार दिलेत आणि यादीत पहिलाच आहे खोटी घाई निर्माण करणं. विक्रेते आणि जाहिरातदार दोघंही त्यात येतात. म्हणजे एजन्सी टिप देऊन मोकळी, आणि नोटीस आली तर ती मामाच्या नावावर.

आता जरा इंजिनिअरसारखा हिशेब करू, जो मी आधी करायला हवा होता. मामाकडे थेट विकण्याजोगा माल किती? जास्तीत जास्त 300 पेट्या. एक घर सरासरी दोन पेट्या घेतं. म्हणजे एकूण लागणारी घरं 150. त्यातली 105 आधीच होती. शोधायची होती ती फक्त 45 घरं. पंचेचाळीस! पुण्यातल्या एका बऱ्यापैकी सोसायटीत याहून जास्त फ्लॅट असतात. त्यासाठी आम्ही 18 हजार लोक गोळा केले, ज्यातले निम्मेअधिक गिव्हअवेतल्या फुकट पेटीसाठी आले होते. घरगुती फराळ, मसाले, साड्या, शिकवणी, सगळीकडे हेच गणित आहे. तुमच्या दोन हातांनी होणाऱ्या कामाला वरची मर्यादा असते. तिच्या पलीकडचा ऑडियन्स म्हणजे नुसती गर्दी.

दुसरी गोष्ट, ही जाहिरात यंत्रणा चालते कशी ते बघा. तुम्ही तिला जे उद्दिष्ट द्याल तेच ती शोधते. एंगेजमेंट मागितलं की ती लाईक करण्याची सवय असलेली माणसं शोधून देते. विकत घेणारी नाही. यात यंत्रणेचा दोष नाही, प्रोग्रॅम सांगितलेलं काम चोख करतोय. चूक आपली, कारण मागितलं तेच चुकीचं. शिवाय या जाहिरातींचा लिलाव असतो. एप्रिलमध्ये सगळे आंबेवाले त्याच पुण्या-मुंबईच्या माणसांवर बोली लावतात. मग भाव कोणाचा वाढणार? आंब्याचा की जाहिरातीचा?

तिसरी गोष्ट, मोजमाप. परीक्षा देणारा आणि पेपर तपासणारा एकच असला की काय होतं? सप्टेंबर 2016 मध्ये फेसबुकने कबूल केलं की त्यांचा व्हिडिओ बघण्याचा सरासरी वेळ सुमारे दोन वर्षं फुगवून दाखवला जात होता. कारण काय, तर भागाकार करताना तीन सेकंदांपेक्षा कमी बघणारे धरलेच नव्हते. कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असा भागाकार केला असता तर सरांनी वही फेकली असती :)

आणि चौथी, सगळ्यात महत्त्वाची. तो ऑडियन्स तुमचा नसतोच, तो भाड्याचा असतो. पेजची पोस्ट फुकटात कमी लोकांपर्यंत पोचते आहे हे फेसबुकने 2014 मध्ये स्वतःच लिहून सांगितलं होतं. ज्यांनी वर्षानुवर्षं लाईक गोळा केले त्यांना त्याच लोकांपर्यंत पोचायला पुन्हा पैसे मोजायची वेळ आली. ऑर्कुट सप्टेंबर 2014 ला बंद झालं. गूगल प्लस एप्रिल 2019 ला सामान्य लोकांसाठी बंद. 29 जून 2020 ला भारतात टिकटॉकवर बंदी आली आणि लाखो फॉलोअर असलेली माणसं एका रात्रीत शून्यावर. बंदी योग्य की अयोग्य हा वेगळा वाद. पण त्यांच्याकडे त्यांच्या चाहत्यांचा एकही फोन नंबर नव्हता हे खरं.

कोणी म्हणेल, एजन्सी वाईट मिळाली म्हणून सगळ्या मार्केटिंगला शिव्या कशाला? बरोबर आहे. आणि ते पंचेचाळीस नवे लोक तरी आकाशातून पडणार का? नाही पडणार. मी मार्केटिंगच्या विरोधात नाहीच. आधी गर्दी आणि मग गिऱ्हाईक, या उलट्या क्रमाच्या विरोधात आहे. 2025 ला आम्ही काय केलं ते सांगतो.

मामाच्या जुन्या वहीत एक रकाना वाढवला, "कुठून कळलं?" प्रत्येक नव्या माणसाला हा एक प्रश्न. मोसमाच्या शेवटी वहीतले नवे लोक बहुतेक जुन्या गिऱ्हाइकांच्या शेजारीपाजारी, नात्यातले निघाले. काही गूगल मॅपवर बाग शोधून आलेले (ती नोंद फुकट आहे, पत्ता आणि फोन बरोबर ठेवा म्हणजे झालं). ही माहिती मिळवायला शून्य रुपये लागले.

मग जुन्या सगळ्या घरांना मामाने स्वतः फोन केले. 2024 चं "7 पेट्या" प्रकरण सांगून माफी मागितली. ज्यांनी हो म्हटलं त्यांची व्हॉट्सॲपवर ब्रॉडकास्ट लिस्ट केली. तिची गंमत माहीत आहे का? त्या लिस्टमधला मेसेज ज्याने तुमचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये सेव्ह केलाय त्यालाच पोचतो. एका लिस्टमध्ये 256 माणसं मावतात. म्हणजे मामाची अख्खी बाजारपेठ एका लिस्टमध्ये बसते आणि अनोळखी माणसाला त्रास होत नाही. आख्ख्या मोसमात चार मेसेज. मोहोर कसा आहे, पहिली तोड कधी, भाव काय, आणि संपले. 'संपले' खरंच संपल्यावर.

आणि खरं बोलायचं. 2025 ला पीक कमी होतं, तसं कळवलं. साका निघाला तर तेवढे आंबे बदलून किंवा पैसे परत, हे भावाच्याच मेसेजमध्ये लिहिलं. (हापूस बाहेरून देखणा असतो आणि कापल्यावर आत साका निघतो, बागायतदारही वरून ओळखू शकत नाही.) हापूसला ऑक्टोबर 2018 मध्ये जीआय मिळालं, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांच्या आंब्यासाठी. देवगडच्या नावाने परराज्यातला आंबा विकला जातो त्या बाजारात अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी असणं ही कुठल्याही रीलपेक्षा मोठी जाहिरात आहे. ते कागद मी केले. माझा एवढाच उपयोग.

मोसम संपला तेव्हा वहीत 118 घरं होती. एकही थेट विकायची पेटी वाशीला पाठवावी लागली नाही. पीकच कमी होतं, त्यामुळे याला मी मोठा विजय वगैरे म्हणणार नाही. पण या वेळी मामाला प्रत्येक पेटी कुठे गेली ते माहीत होतं.

तेव्हा मित्रा, वहिनींना सांग, आधी वही घ्या. दिवाळीत एकटीने किती किलो चकली होते ते लिहा, त्याला किती घरं पुरतील ते काढा. तो आकडा येईपर्यंत कोणालाही एक रुपया देऊ नका. आकडा आला आणि घरं कमी पडली तर जरूर जाहिरात करा, पण आपल्या दोन-तीन पिनकोडांपुरती, थोड्या पैशात, आणि किती जणांनी लाईक केलं ते बघू नका, किती जणांनी फोन केला ते बघा.

ते 18 हजार फॉलोअर अजून आहेत. गेल्या मे मध्ये मी मामाला म्हटलं, पेज बंद करू का? तो पेटीवर खिळे ठोकत होता. मान वर न करता म्हणाला, "तुझे ते लाईक पेटयेत भरूक येतत काय रे?"

मी खिळ्यांचा डबा त्याच्याकडे सरकवला. पेज त्याच दिवशी बंद केलं.