टायरच्या दुकानात तपासनीस येतो, पण डास शोधायला

पुण्यातील टायरच्या दुकानात सरकारी माणूस फिरकत नाही, असे कोणी म्हटले तर ते खोटे ठरेल. पावसाळा लागला की महापालिकेच्या आरोग्य खात्याचे कर्मचारी येतात, दुकानाबाहेर रचलेल्या जुन्या टायरमध्ये वाकून पाहतात, साचलेल्या पाण्यात डासांच्या अळ्या दिसल्या की नोटीस बजावतात, दंडही करतात. डेंग्यूचा डास टायरमधल्या ओंजळभर पाण्यात वाढतो, तेव्हा ही तपासणी योग्यच आहे आणि तिच्याबद्दल आमची तक्रार नाही. आमचे म्हणणे एवढेच की, त्या टायरच्या ढिगापासून चार हातांवर हवेचा कॉम्प्रेसर धडधडत असतो. त्याच्या टाकीला तळाशी गंज चढलेला असतो, सेफ्टी व्हॉल्व्हवर रंगाचे थर बसलेले असतात आणि पट्ट्यावरची जाळी केव्हाच काढून ठेवलेली असते. त्याकडे पाहण्याचा अधिकार डास शोधणाऱ्याला नाही आणि ज्यांना तो असायला हवा, ते तेथे येत नाहीत.

नाना पेठेतील गल्ल्यांपासून मार्केट यार्ड, हडपसर, कात्रज, वाघोली आणि बंगळूर महामार्गाच्या दोन्ही अंगांपर्यंत टायर बसवणारी, हवा भरणारी, पंक्चर काढणारी किती दुकाने आहेत! त्यांत आमच्या समाजातील पुष्कळजण आहेत. केरळातून आलेले आहेत, बिहार व उत्तर प्रदेशातून आलेले आहेत, मराठवाड्यातून आलेलेही आहेत. थोड्या भांडवलात उभा राहणारा आणि हुनरावर चालणारा हा धंदा. अलीकडे 'पंक्चरवाला' हा शब्द हिणवण्यासाठी वापरण्याची काहींना सवय लागली आहे. त्यांना उत्तर देत बसण्याची आम्हांस गरज वाटत नाही. ज्या रात्री त्यांची गाडी घाटात बसेल, त्या रात्री उत्तर आपोआप मिळेल. पण हिणवणाऱ्यांवर चिडताना आपणही हा धंदा किरकोळ समजतो, हे मात्र बोलले पाहिजे. किरकोळ समजतो म्हणून त्यातील धोकाही किरकोळ वाटतो.

धोका किती, याचा हिशेब कोणालाही करता येईल. ट्रकच्या टायरमध्ये साधारण १०० ते १२० पौंड हवा भरतात. 'पौंड' म्हणजे प्रत्येक चौरस इंचावर तेवढा भार. २० इंच व्यासाच्या रिमचे क्षेत्रफळ ३१४ चौरस इंच भरते. १०० पौंडांनी गुणले तर ३१,४०० पौंड, म्हणजे १४ टनांच्या वर. एवढा जोर त्या रिमच्या एका बाजूवर, आतून बाहेर, सतत लोटत असतो, आणि त्याला अडवून धरलेले असते एका लॉक रिंगने. ती रिंग खोबणीत नीट बसली नसेल, गंजलेली असेल, वाकलेली असेल किंवा दुसऱ्याच मापाच्या रिमवरची असेल, तर ती सुटते. सुटते म्हणजे निसटून पडत नाही, तोफगोळ्यासारखी उडते. आणि नेमक्या त्याच वेळी हवा भरणारा मुलगा रिंगच्या समोर उकिडवा बसून हातोडीने ती ठोकत असतो.

मे २०२२ मध्ये रायपूरजवळच्या सिलतरा येथे एका अवजड यंत्राच्या टायरमध्ये हवा भरताना तो फुटला आणि दोन कामगार जागीच गेले. डिसेंबर २०२४ मध्ये कर्नाटकच्या उडुपी जिल्ह्यात बसचा टायर फुटून एक १९ वर्षांचा मुलगा हवेत फेकला गेला. हात जायबंदी झाला, जीव वाचला. या दोन्ही घटना कॅमेऱ्यात सापडल्या, म्हणून लोकांनी पाहिल्या. ज्या दुकानात कॅमेरा नव्हता, तेथील बातमी आतल्या पानावर चार ओळींत आली, किंवा आलीच नाही.

लॉक रिंग जुनी झाली, आता ट्यूबलेस आणि एकसंध रिम आले, म्हणून धोका संपला असे काही दुकानदार सांगतात. तसे नाही. रेडियल टायरच्या बाजूच्या भिंतीत पोलादी तारा असतात. हवा कमी असताना ट्रक दहा-वीस किलोमीटर तसाच दामटला की त्या तारा आतल्या आत दुमडून तुटतात. वरून काही दिसत नाही. मग दुकानात पुन्हा हवा भरताना ती बाजू चेन उघडावी तशी सरळ फाटते. चालक म्हणतो, 'थोडी हवा कमी आहे, मारून दे'. उस्ताद नळी लावतो. टायर सोडवून आत हात फिरवून पाहायला दोघांनाही वेळ नसतो. दुसरा प्रकार वेल्डिंगचा. रिमला तडा गेला की टायर न उतरवता, नुसती हवा सोडून वेल्डिंग मारतात. त्या उष्णतेने टायरच्या आतले रबर आणि वंगण तापून ज्वलनशील वायू तयार होतो आणि टायर बॉम्बसारखा फुटतो. व्हॉल्व्ह काढला होता, हवा सोडली होती, हे सांगून उपयोग नाही. टायर रिमवरून उतरवल्याशिवाय रिमला आच लावायची नाही. बीड बसत नाही म्हणून पेट्रोल शिंपडून काडी ओढण्याचा 'जुगाड' तर आम्हांस सांगतानाही नको वाटतो. पण तो चालतो.

अमेरिकेत याच कामासाठी १९८० मध्ये जोड-रिमसाठी स्वतंत्र नियम झाले आणि १९८४ मध्ये एकसंध रिमही त्यात घेतले गेले. त्यांचा सारांश साधा आहे. कामगाराला आधी शिकवा. अवजड गाडीच्या टायरमध्ये हवा लोखंडी पिंजऱ्यात ठेवून भरा. नळीच्या टोकाला चिमट्याने अडकणारे तोंड, मध्ये मीटर आणि झडप, आणि नळी एवढी लांब की माणूस टायरच्या समोरून बाजूला उभा राहील. यात अशी कोणती गोष्ट आहे जी भवानी पेठेत मिळणार नाही? लांब नळी आणि चिमट्याचे तोंड यांचा खर्च एका चांगल्या ट्रक टायरच्या किमतीपुढे काहीच नाही. एका जुन्या दुकानदाराला आम्ही विचारले, 'चाचा, पिंजरा का ठेवत नाही?' ते म्हणाले, 'बेटा, जागा कुठे आहे? आणि चाळीस वर्षांत काही झाले नाही.' जागेची अडचण खरी आहे. दहा बाय बाराच्या गाळ्यात टायर, कॉम्प्रेसर, गिऱ्हाईक आणि चहाचा स्टोव्ह एवढे सगळे मावते, हीच करामत. म्हणूनच पिंजऱ्याच्या आधी लांब नळीचा आग्रह धरावा, असे आम्हांस वाटते. तिला जागा लागत नाही.

आता कायद्याकडे वळू. १९४८ च्या कारखाना कायद्यात मूळ मर्यादा यंत्रशक्ती असेल तर १० कामगारांची होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० लागू झाली. तिच्यात कारखान्याची मर्यादा यंत्रशक्तीसह २० आणि तिच्याशिवाय ४० कामगार अशी आहे, आणि इतर आस्थापनांसाठी १० ची. दुकानांचे पाहावे तर १९४८ चा मुंबई दुकाने कायदा एका नोकराच्या दुकानालाही लागत असे. 'शॉप ॲक्टवाला साहेब' हा शब्द जुन्या व्यापाऱ्यांच्या तोंडी अजून आहे. २०१७ च्या राज्य कायद्याने १० पेक्षा कमी कामगार असणाऱ्यांना केवळ माहिती कळवण्यापुरते ठेवले आणि २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ही रेषा २० वर नेण्याचा निर्णय घेतला. टायरच्या दुकानात माणसे किती असतात? मालक, एक उस्ताद, दोन-तीन पोरे. म्हणजे कोणत्याही रेषेच्या खालीच. चाकणच्या मोठ्या कारखान्यात जी दाबाची टाकी ठरलेल्या मुदतीला सक्षम व्यक्तीकडून तपासून घ्यावी लागते, तशीच टाकी पेठेत आली की तिला तपासणारा कोणी उरत नाही. टाकी मात्र कामगार मोजून फुटत नाही.

हे वाचून आमचे काही व्यापारी बांधव रागावतील. 'इन्स्पेक्टर नाही ते बरेच आहे, आला तर हप्ता घेऊन जाईल, टाकी तपासणार नाही,' असे ते म्हणतील. हा अनुभव खोटा आहे असे आम्ही म्हणणार नाही. लहान दुकानदाराने कागदासाठी किती खेटे घातले आणि किती 'चहापाणी' केले, ते त्यालाच ठाऊक. पण हप्त्याची भीती वेगळी आणि तपासणीची गरज वेगळी. एकीसाठी दुसरीला नाकारले की त्याची किंमत शेवटी कोण देतो? मालक काउंटरवर असतो. टायरच्या तोंडाशी पोऱ्या असतो.

आणि मार्ग अगदीच बंद आहे असेही नाही. नव्या संहितेत धोकादायक किंवा जिवावर बेतणारे काम जेथे चालते, अशा आस्थापनेला, तेथे एकच कामगार असला तरी, अधिसूचना काढून संहिता लावण्याची तरतूद ठेवली आहे. अवजड वाहनांच्या टायरमध्ये हवा भरणे आणि कॉम्प्रेसरची टाकी वापरणे, ही दोन कामे या यादीत यावीत, अशी मागणी टायर व्यापाऱ्यांनीच केली तर तिचे वजन वेगळे पडेल. तिच्याबरोबर त्यांनी अटही घालावी: वर्षातून एकदा, ठरल्या वेळी, लेखी नमुन्यावर तपासणी, पहिल्या वेळी दंड नाही, सुधारणेची मुदत. तपासनीस हवा, पण त्याच्या हातात काय असावे हे आपणही सांगावे.

दुकानात झोपण्याचा प्रश्न याहून जुना आणि, आमच्या मते, याहून गंभीर आहे. बाहेरगावची पोरे रात्री दुकानातच झोपतात. खोलीचे भाडे वाचते, मालाची राखण होते, दोघांची सोय. ३० डिसेंबर २०१६ रोजी पहाटे कोंढव्यातील एका बेकरीला आग लागली. आत झोपलेले सहा कामगार गेले, कारण शटरला बाहेरून कुलूप होते. ९ मे २०१९ रोजी उरुळी देवाची येथे कपड्याच्या दुकानात पाच जण तसेच गेले. एकीकडे पीठ आणि तूप होते, दुसरीकडे कापड. टायरच्या दुकानात रबर आहे, रबर सोल्यूशनचे डबे आहेत, कॉम्प्रेसरचे तेल आहे. टायर पेटला की काळा, जड धूर निघतो आणि तो विझवायला पाणी फार लागते. पहिल्या काही मिनिटांतच बंद गाळ्यात श्वास घेणे अशक्य होते. आगीपासून संरक्षणाची जबाबदारी २००६ च्या राज्य कायद्याने जागेच्या मालकावर आणि वापरणाऱ्यावर टाकली आहे, पण कायदा बाजूला ठेवला तरी बाहेरून कुलूप लावणे कोणत्या हिशेबात बसते? चोरीची भीती असेल तर आतून उघडणारे कुलूप बसवावे. किल्ली आत असावी. दुकानाच्या आत कोणी झोपू नये हे उत्तम, पण ते ज्याला आज जमत नाही, त्याने निदान आज रात्री शटर बाहेरून बंद करू नये.

भरपाईबाबत तर आमच्या व्यापाऱ्यांत मोठे अज्ञान आहे. अपघात झाला की मालक दवाखान्याचे बिल भरतो, मयत झाल्यास गावी मय्यत पाठवण्याचा खर्च करतो, घरच्यांच्या हातात पन्नास हजार ठेवतो आणि आपण माणुसकी केली असे समजतो. माणुसकी केलीच, पण हक्क दिला नाही. १९२३ च्या कायद्याने आलेली आणि आता सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये समाविष्ट झालेली भरपाईची पद्धत अशी: मृत्यू झाल्यास महिन्याच्या मजुरीची निम्मी रक्कम घ्यायची आणि वयानुसार ठरलेल्या आकड्याने गुणायची. २० वर्षांच्या वयाला तो आकडा २२४ आहे. मजुरी १२,००० असेल तर ६,००० गुणिले २२४, म्हणजे १३ लाख ४४ हजार रुपये. काम करताना अपघात झाला एवढे पुरे. मालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही. मुलाचे नाव हजेरी बुकात नव्हते, हा बचाव होऊ शकत नाही, उलट तो मालकाच्याच अंगावर येतो. पाच माणसांचे दुकान एका अशा दाव्यात उठेल. म्हणून कामगार भरपाईची पॉलिसी घेणे ही मालकाचीही गरज आहे. पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेत १८ ते ७० वयाच्या खातेदाराला वर्षाला २० रुपयांत दोन लाखांचे अपघाती संरक्षण मिळते. ती मालकाच्या जबाबदारीला पर्याय नव्हे, तरी प्रत्येक पोऱ्याच्या नावे बँकेत खाते उघडून ती आजच घ्यावी. आणि पोऱ्या १४ वर्षांखालचा असेल तर त्याला कामावर ठेवणे २०१६ च्या दुरुस्तीनंतर सरसकट गुन्हा आहे. 'भाचा आहे, शाळा सुटली म्हणून बसतो' ही सबब आम्ही फार ऐकली.

तपासनीस येईपर्यंत थांबण्याचे कारण नाही. कॉम्प्रेसरच्या टाकीखालचा नळ रोज संध्याकाळी उघडून पाणी काढून टाकावे. ते साचते म्हणूनच टाकी आतून सडते. सेफ्टी व्हॉल्व्हची कडी आठवड्यातून एकदा ओढून पाहावी. हवा फुसकन सुटली नाही तर कॉम्प्रेसर बंद करून तो बदलून घ्यावा, त्यावर रंग मारू नये. जॅकवर उचललेल्या गाडीखाली घोडी लावल्याशिवाय कोणी जाऊ नये. मीटर वर्षातून एकदा दुसऱ्या चांगल्या मीटरशी ताडून पाहावा, कारण १०० दाखवणारा मीटर १३० वर असेल तर बाकी सारी काळजी वाया. नाना पेठेतील दुकानदारांनी मिळून एक जाणता फिटर वर्षातून दोन दिवस बोलावला, तर दोन गल्ल्यांतील टाक्या पाहून होतील आणि प्रत्येकी खर्च एका पंक्चरवाल्याच्या दिवसभराच्या कमाईपेक्षा फार होणार नाही. पावसाळ्याआधी जुने टायर हलवावेच लागतात, त्याच आठवड्यात हे काम उरकता येईल.