संस्कृतीच्या नावाखाली

आशियात व्यापार करू पाहणाऱ्यांना एक धडा हमखास पढविला जातो: जपानी कामगार जात्याच निष्ठावान, चिनी जात्याच कष्टाळू. जपानमध्ये भेटकार्ड दोन्ही हातांनी द्यावे, हा शिष्टाचार. त्याचा आदर अवश्य करावा. परंतु रात्री उशिरापर्यंत राबणे ही संस्कृती नव्हे. तशी ती असती, तर अतिश्रमाने ओढवणाऱ्या मृत्यूविरुद्ध, ‘करोशी’विरुद्ध, मृतांचे कुटुंबीय झगडले नसते आणि जपानला २०१४ साली त्यासाठी कायदा करावा लागला नसता. चीनच्या सर्वोच्च न्यायालयानेही २०२१ मध्ये सकाळी नऊ ते रात्री नऊ, आठवड्याचे सहा दिवस राबविण्याची प्रथा बेकायदा असल्याचे स्पष्ट केले. शिष्टाचार देशोदेशी भिन्न असतील. मालकांच्या सोयीला परंपरा म्हणण्याचे मात्र कामगार चळवळीने कोठेही मान्य करू नये.