विश्लेषण : स्पितीच्या कुरणांवर सरसकट चराईबंदी का नको?

हिमालयातील उघडीबोडकी कुरणे पाहिली, की शेळ्या-मेंढ्या आणि याक यांना दोष देणे सोपे असते. मात्र तेथे किती गवत उगवेल, हे जनावरांच्याही आधी उंची आणि पाणी ठरवतात. हे लक्षात न घेता आखलेले चराईचे नियम कुरणांच्या फायद्याचे नाहीत आणि पशुपालकांच्याही नाहीत.

जैवभार म्हणजे काय?

ठरावीक जागेतील वनस्पतींचे वाळलेले वजन म्हणजे जैवभार. थंड, कोरड्या कुरणांत त्याचा मोठा वाटा मुळांच्या रूपात जमिनीखाली असतो. त्यामुळे वर दिसणाऱ्या खुरट्या गवतावरून कुरणाची अवस्था ठरवता येत नाही.

उंचीचा परिणाम कसा?

हिमाचल प्रदेशातील स्पिती खोरे पर्जन्यछायेत आहे. तेथील गवताची मदार मुख्यतः वितळणाऱ्या बर्फावर असते. अशा कोरड्या पर्वतांत खालच्या उतारांवर ऊब असते, पण ओलावा लवकर आटतो. थोडे वर तो टिकतो आणि गवत वाढते. आणखी वर थंडी आडवी येते. वाढीला उन्हाळ्याचे मोजके आठवडेच मिळतात. म्हणजे एकाच खोऱ्यातील दोन कुरणांना सारखीच जनावरे झेपतील असे नाही.

चराई घातकच का?

अतिचराईने पौष्टिक गवत घटते. त्याचा फटका भरल या रानटी मेंढीला आणि तिच्यावर जगणाऱ्या हिमबिबट्यालाही बसतो. स्पितीतील किब्बर गावाने १९९०च्या दशकाच्या अखेरीस मोबदला घेऊन काही कुरण चराईमुक्त ठेवले, तेव्हा तेथे भरल वाढले.

पण दुसरी बाजूही आहे. बेंगळूरुच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या संशोधकांनी स्पितीत काही तुकड्यांना वर्षानुवर्षे कुंपण घातले. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार, चराई थांबलेल्या जमिनीतील कार्बनचे प्रमाण चराईच्या जमिनीपेक्षा जास्त अस्थिर होते. चरणारी जनावरे शेण-मूत्रातून मातीला पोषणद्रव्ये परत देतात, हेही विसरून चालणार नाही.

मग उपाय काय?

जनावरांची संख्या आणि चराईचा काळ प्रत्येक कुरणाची उंची व ओलावा पाहून ठरवायला हवा. कमी बर्फाच्या वर्षी भार घटवावा, काही पट्टे आळीपाळीने मोकळे ठेवावेत आणि त्याची भरपाई पशुपालकांना मिळावी. कोणत्या उतारावर गवत कधी येते, हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. किब्बरमध्ये कुरण राखले गेले ते गावाच्या संमतीने. नियम ठरवणाऱ्यांनी सुरुवात तिथूनच करावी.