दादरच्या टोरेसबद्दलचे सगळे प्रश्न बरोबर होते, मग पैसे बुडाले कसे?

६ जानेवारी २०२५. दादर पश्चिमेच्या जे. के. सावंत मार्गावर सकाळपासून गर्दी जमत होती. समोर ‘टोरेस’चं दागिन्यांचं शोरूम होतं आणि ते बंद होतं. डिसेंबरच्या अखेरीपासून लोकांच्या खात्यात दर आठवड्याला येणारे पैसे थांबले होते. शिवाजी पार्क पोलीस ठाण्यात गुन्हा दाखल झाला. तक्रार देणारा दादरचाच एक भाजीविक्रेता होता. नंतर मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने आरोपपत्र दाखल केलं, तेव्हा आकडा १४ हजारांहून जास्त गुंतवणूकदार आणि सुमारे १४२ कोटी रुपये असा होता.

त्यानंतर सोशल मीडियावर जे झालं ते आठवत असेल. “लोभ नडला”, “लोक इतके मूर्ख कसे”, मीम्स, रील्स. हे म्हणणं सोपं आहे, पण त्यात एक गडबड आहे. मुंबईतला माणूस पैसे टाकताना चौकशी करतो. गिरगाव-लालबागच्या चाळीत भिशी लावतानाही आधी बघतात, की भिशी चालवणारा कोण, कुठे राहतो, मागच्या वर्षी कुणाचे पैसे अडकले होते का. टोरेसच्या बाबतीतही साधारण हेच तीन प्रश्न होते. कंपनी रजिस्टर्ड आहे का? दुकान खरंच आहे का? आणि आपल्या ओळखीत कुणाला पैसे मिळालेत का?

तिन्हींचं उत्तर ‘हो’ होतं, आणि तिन्ही उत्तरं खरी होती.

कंपनीचं नाव प्लॅटिनम हर्न प्रायव्हेट लिमिटेड. नोंदणी २०२३ ची. नोंदणीकृत पत्ता गिरगावातल्या ऑपेरा हाऊस इमारतीचा. मुंबईचा हिरेबाजार बीकेसीला जायच्या आधी कित्येक वर्षं ऑपेरा हाऊस परिसरातच होता, त्यामुळे दागिन्यांच्या कंपनीचा हा पत्ता ऐकून कुणाला शंका यायचं कारण नव्हतं. दुकानं तर सहा होती. दादर, ग्रँट रोड, कांदिवली, मीरा रोड, कल्याण, नवी मुंबई. आणि पैसे? सुरुवातीचे कित्येक महिने ते खरोखर येत होते. शेजारच्या काकू “मला मिळाले” म्हणत होत्या तेव्हा त्या खोटं बोलत नव्हत्या. अशा स्कीममध्ये आधीच्यांना दिलेले पैसे हाच जाहिरातीचा खर्च असतो. पोलिसांचा आरोपही तसाच आहे, की नव्यांच्या पैशातून जुन्यांना दिलं जात होतं.

मग चुकलं कुठे? प्रश्नांमध्येच. ‘रजिस्टर्ड आहे का’ या प्रश्नाला फारसा अर्थ नाही. कंपनी नोंदवणं म्हणजे जन्मदाखला काढणं, चारित्र्याचा दाखला नव्हे. अर्ज, कागदपत्रं, डिजिटल सही, फी, आणि काही दिवसांत कंपनी तयार. कंपनी व्यवहार मंत्रालय तुमचा धंदा चांगला आहे का, हे तपासत नाही. ‘सरकारमान्य स्टार्टअप’ या पाटीचंही तसंच. ती सवलतींसाठीची ओळख आहे, तुमच्या पैशांची हमी नाही.

गंमत अशी, की त्याच जन्मदाखल्यात खरं उत्तर लिहिलेलं होतं.

प्रत्येक कंपनीला २१ अक्षर-अंकांचा एक क्रमांक मिळतो, सीआयएन. कायद्याने तो कंपनीच्या लेटरहेडवर आणि बिलावर छापावा लागतो. पहिलं अक्षर ‘एल’ असेल तर कंपनी शेअर बाजारात आहे, ‘यू’ असेल तर नाही. पुढे व्यवसायाचा कोड, मग राज्य (महाराष्ट्रासाठी ‘एमएच’), मग नोंदणीचं वर्ष, मग ‘पीटीसी’ म्हणजे प्रायव्हेट लिमिटेड. आता प्लॅटिनम हर्नच्या बाबतीत यातल्या फक्त दोन गोष्टी बघा.

एक, २०२३. म्हणजे २०२४ मध्ये लोक पैसे घेऊन रांगेत उभे होते, तेव्हा मोठ्या उलाढालीचा एकही जुना ताळेबंद असणं शक्यच नव्हतं.

दुसरी जास्त महत्त्वाची, प्रायव्हेट लिमिटेड. कंपनी कायदा २०१३ प्रमाणे प्रायव्हेट लिमिटेड कंपनीला सर्वसामान्य जनतेकडून ठेवी गोळा करता येत नाहीत. आपल्याला ‘प्रायव्हेट लिमिटेड’ हे शब्द वजनदार वाटतात, पण इथे त्यांचा अर्थ होता की या कंपनीला आमच्याकडून पैसे घेऊन व्याज द्यायचा हक्कच नाही. म्हणून तर व्यवहाराला दागिन्याच्या खरेदीचं रूप दिलं होतं. हातात मोझनाइटचा खडा (हा हिरा नव्हे, दिसायला हिऱ्यासारखा) आणि त्यावर दर आठवड्याला परतावा.

तो परतावा आठवड्याला ६ टक्के होता, शेवटी शेवटी ११ टक्क्यांपर्यंत नेला गेला. ६ टक्केच धरा. एक लाखावर आठवड्याला ६ हजार. बँकेची एफडी वर्षभरात साधारण एवढंच देते. ५२ आठवड्यांचे होतात ३ लाख १२ हजार. खडे विकून कुणालाही वर्षाला तिप्पट देता येत असेल, तर त्याने तुमच्याकडून पैसे घ्यायचे कशाला? तो स्वतःच कर्ज काढून गब्बर झाला असता.

संचालक कोण, मालक कोण

कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या वेबसाइटवर कंपनीचं नाव टाकलं की संचालकांची नावं मोफत दिसतात. प्रत्येकाचा डीआयएन क्रमांक असतो. त्यावरून तो माणूस आणखी कुठल्या कंपन्यांत आहे, त्यातल्या किती बंद पडल्या, हे कळतं. शंभर रुपये भरले तर ताळेबंद, ऑडिटरचा अहवाल, भागधारकांची यादी अशी कागदपत्रं उघडता येतात.

पण इथे हात आखडता घ्यावा लागतो. टोरेस प्रकरणात पोलिसांनी संचालक सर्वेश सुर्वे, उझबेकिस्तानची तानिया कासातोवा आणि मूळची रशियाची व्हॅलेंटिना कुमार यांना सुरुवातीलाच अटक केली. त्याच वेळी पोलिसांनी हेही सांगितलं, की मुख्य सूत्रधार युक्रेनचे नागरिक आहेत आणि ते आधीच देशाबाहेर गेलेत. म्हणजे कागदावर सही कुणाची हे कळतं, धंदा कोण चालवतंय हे कळेलच असं नाही. तरी एवढं कळणंही कमी नाही. सहा चकचकीत दुकानं, लकी ड्रॉमध्ये महागड्या गाड्या आणि संस्थापक मात्र कुठेच नाही. कुणाची मुलाखत नाही, आधीचा धंदा नाही. ही पोकळीसुद्धा माहितीच आहे.

टोरेस म्हणजे काही स्टार्टअप नव्हे, असं कुणी म्हणेल. बरोबर. पण विश्वास कमावायची पद्धत तीच होती. भपका, आकडे, आणि “बघा, सगळे येतायत”. खऱ्या स्टार्टअपमध्ये संस्थापक समोर असतो, एवढाच फरक. मग तिथे तपासायचं काय?

जेन्सॉल इंजिनिअरिंगचं उदाहरण घ्या. अनमोल सिंग जग्गी आणि पुनीत सिंग जग्गी हे भाऊ तिचे प्रवर्तक. अनमोल जग्गी इलेक्ट्रिक टॅक्सीवाल्या ब्लूस्मार्टचेही सहसंस्थापक. जानेवारी २०२५ मध्ये कंपनीने शेअर बाजाराला कळवलं, की आमच्या इलेक्ट्रिक गाडीला ३० हजारांची पूर्वनोंदणी मिळाली. ९ एप्रिलला नॅशनल स्टॉक एक्स्चेंजचा अधिकारी पुण्याजवळ चाकणच्या कारखान्यात गेला. तिथे उत्पादन नव्हतं, दोन-तीन मजूर होते. मग महावितरणची बिलं मागवली. बारा महिन्यांतलं सर्वात मोठं बिल होतं सुमारे १ लाख ५७ हजार रुपयांचं. सेबीने १५ एप्रिलच्या अंतरिम आदेशात हे सगळं लिहिलं. ३० हजार गाड्यांच्या ‘ऑर्डर’ म्हणजे नऊ संस्थांशी केलेले करार होते, त्यात ना किंमत, ना गाडी कधी द्यायची त्याची तारीख. कर्जाचे हप्ते वेळेवर भरतोय अशी बनावट पत्रं दिल्याचंही त्याच आदेशात आहे.

मला यातलं विजेचं बिल फार आवडतं. गाडी बनवायची म्हणजे मशिन चालणार, मशिन चालली की मीटर फिरणार. संस्थापक स्टेजवर काय बोलतो ते मीटरला माहीत नसतं. बिल आपल्याला मागवता येत नाही, पण असे ‘मीटर’ आणखी आहेत आणि त्यातले काही उघड्यावर आहेत.

एक म्हणजे उशीर. बायजूजचं नाव टीम इंडियाच्या जर्सीवर झळकत होतं, तेव्हा मार्च २०२१ ला संपलेल्या वर्षाचे हिशेब आलेलेच नव्हते. ते आले सप्टेंबर २०२२ मध्ये, ४,५८८ कोटींचा तोटा घेऊन. जून २०२३ मध्ये ऑडिटर डेलॉइटने काम सोडलं. ताळेबंद वाचता येत नसला तरी चालेल, शेवटचा ताळेबंद कुठल्या तारखेचा आहे एवढं मोफत दिसतं. दोन वर्षं जुना असेल आणि कंपनी रोज नव्या शहरात जात असेल, तर थांबा. चार जणांच्या छोट्या कंपनीचं फायलिंग सीएच्या गोंधळामुळेही रखडतं, तिला त्याच मापाने मोजू नका.

दुसरा मीटर नोकरी शोधणाऱ्यांसाठी. लोअर परळच्या काचेच्या इमारतीत इंटरव्ह्यू झाला, संस्थापक म्हणाला आमची टीम ३०० जणांची. ईपीएफओच्या वेबसाइटवर ‘एस्टॅब्लिशमेंट सर्च’ आहे. कंपनीचं नाव टाकलं की कुठल्या महिन्यात किती कर्मचाऱ्यांचा पीएफ भरला ते दिसतं. ३०० च्या जागी ४० दिसले, तर बाकीचे कंत्राटी आहेत का हे विचारा. पीएफ तीन महिने उशिरा भरला असेल, तर पुढचा नंबर पगाराचा असू शकतो. वीसपेक्षा कमी माणसं असली तर कंपनी या यादीत नसेलही.

हे सगळं बघूनही फसायला होतं. हाउसिंग डॉट कॉमवाल्या राहुल यादवची २०१५ ची हकालपट्टी सगळ्या देशाने वाचली होती. तरीही त्याच्या पुढच्या ४बी नेटवर्क्समध्ये नोकरी डॉट कॉमच्या इन्फो एजने २७६ कोटी गुंतवले आणि २०२३ मध्ये फॉरेन्सिक ऑडिट लावायची वेळ आली. त्यांच्याकडे वकील, सीए, करारातले हक्क, सगळं होतं. तुमच्या-माझ्याकडे फोन आहे आणि एक लाख रुपये आहेत.

म्हणून एखादी स्कीम ठेवी घेत असेल, तर आधी रिझर्व्ह बँकेच्या ‘सचेत’ पोर्टलवर जा. पैसे घ्यायची परवानगी कुणाकडे आहे ते तिथे बघता येतं आणि संशय आला तर तक्रारही करता येते. ही तक्रार पैसे बुडायच्या आधीची हवी. टोरेसच्या गुंतवणूकदारांना आता महाराष्ट्राच्या १९९९ च्या एमपीआयडी कायद्याखाली जप्ती, न्यायालयाची परवानगी, लिलाव आणि मग वाटप, अशी वाट आहे. पोलिसांनी वेळेवर हालचाल केली नाही असं उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्येच सुनावलं होतं. आणि लिलावात ज्या खड्यांना भाव यायचा, ते मोझनाइटचे आहेत.