मीटरचा दिवा गेला, तर आधी गाडीच्या मागे जा

मीटरचा दिवा गेला म्हणून गाडी थांबत नाही, आणि म्हणूनच तो महिनोन्‌महिने तसाच राहतो. राजुऱ्याच्या आसपास कित्येक घरांची रोजी जुन्या टाटा २०७ नाहीतर बोलेरो पिकअपवर चालते. जिवतीच्या पहाडावरचा कापूस, पहाटेची भाजी, लग्नघरचे मंडपाचे सामान, ईदच्या आधी बकरे, सगळे हिच्यातूनच जाते. चालवणारा सांगतो, "स्पीड अंदाजाने कळतो, दिवा कशाला हवा?" त्याच्या अंदाजाबद्दल आम्हाला शंका नाही. पण मीटरचा दिवा बरेचदा एकटा जात नाही. तो मागचा लाल दिवाही सोबत नेतो, आणि पुढे बसलेल्याला ते कळत नाही.

याचे कारण वायरिंगमध्ये आहे. जुन्या गाड्यांत पार्किंग लाईट, टेललाईट, नंबर प्लेटचा दिवा आणि मीटरचे दिवे यांना बहुधा एकाच फ्यूजमधून करंट मिळतो. काही गाड्यांत डाव्या-उजव्या बाजूचे फ्यूज वेगळे असतात, तेव्हा एकाच बाजूचा टेललाईट जातो. हेडलाईटचा फ्यूज निराळा असल्याने समोर उजेड असतो, आणि माणूस निर्धास्त राहतो.

आपला रस्ता कसा आहे तेही पाहा. सास्ती, गोवरी, पोवनीच्या खाणींतून कोळशाचे ट्रक निघतात, गडचांदूरकडून सिमेंटचे. धूळ आणि धुक्यात मागचा ट्रक तुमच्या पिकअपला फक्त त्या दोन लाल दिव्यांवरून ओळखतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणे मागचा लाल दिवा १५५ मीटरवरून दिसायला हवा. शिवाय विरूरच्या जंगलपट्ट्यात रात्री बोनेट उघडून उभे राहण्याची वेळ कुणावरच येऊ नये. माणसे मारणाऱ्या आरटी-१ वाघाला वनखात्याने याच भागात ऑक्टोबर २०२० मध्ये पकडले, हे राजुऱ्यात कुणाला सांगायला नको.

तर मीटर काळोखा दिसला की पहिले काम म्हणजे पार्किंग स्विच लावून खाली उतरणे आणि गाडीच्या मागे जाणे. घरातले कुणी, अम्मी असो की शाळकरी मुलगा, मागे उभे राहिले आणि आतून ब्रेक, इंडिकेटर, टेललाईट दाखवले, तर दोन मिनिटांत काम होते.

टेललाईटही बंद असेल तर फ्यूज बघा. पात्यांच्या फ्यूजमध्ये लाल १० अँपिअरचा, निळा १५ चा, पिवळा २० चा. जेवढ्याचा उडाला तेवढ्याचाच घालायचा. उडालेल्या फ्यूजच्या जागी तांब्याची तार गुंडाळण्याची चाल आपल्याकडे फार आहे, आणि ती आम्हाला अजिबात मान्य नाही. तार उडत नाही, म्हणजे पुढे जळते ती वायरिंग, आणि गाडीत असतो तो माल दुसऱ्याची अमानत.

नवा फ्यूज लगेच उडाला तर कुठेतरी शॉर्ट आहे. मालडब्याखालून टेललाईटकडे जाणारी वायर पत्र्याला घासून सोलली आहे का, नंबर प्लेटच्या दिव्यात पाणी शिरले आहे का, उंदरांनी कुरतडले आहे का, हे बघा. त्याहूनही आधी बघायचे म्हणजे नंतर जोडलेल्या वस्तू. डॅशवरचा ७८६ चा हिरवा दिवा, झालरीची एलईडी पट्टी, मोबाईल चार्जर, टेप. हे सगळे हाताशी आलेल्या पार्किंगच्याच वायरीला टोचून, वर चिकटपट्टी मारून जोडलेले असते. ७८६ चा दिवा ठेवायचा असेल तर खुशाल ठेवा, पण त्याला स्वतःची वायर आणि स्वतःचा फ्यूज द्या.

टेललाईट ठीक आणि फक्त मीटर काळोखा असेल, तर काळजी कमी. उजेड कमी-जास्त करायचे बटण असेल तर ते दोन-चार वेळा पूर्ण फिरवा, आतला धुळीचा थर सुटून दिवे परत येतात. एक-दोनच कोपरे काळे असतील तर बल्ब उडालेत. इंडिकेटर लावला की मीटरचे दिवेही त्याच्यासोबत लुकलुकत असतील तर अर्थिंग खराब आहे. डॅशखालचा अर्थिंगचा बोल्ट काढून, जागा पॉलिश पेपरने घासून परत कसा. मीटर बाहेर काढायचा तर आधी बॅटरीची निगेटिव्ह काढा, आणि जुन्या गाडीत मागची स्पीडोमीटरची केबल सोडवल्याशिवाय मीटर ओढू नका. मागची छापील पट्टी नाजूक असते, ती फाटली की खर्च वाढतो.

आता मीटरमधल्या दुसऱ्या दिव्यांकडे येऊ. यांच्यावर इंजिनच अवलंबून आहे. चावी फिरवली, पण इंजिन अजून सुरू केले नाही, तेव्हा ऑइलचा आणि बॅटरीचा लाल दिवा पेटलाच पाहिजे, आणि इंजिन सुरू होताच विझला पाहिजे. चावी लावूनही ऑइलचा दिवा पेटत नसेल तर "काही दोष नाही" असे समजू नका. इंजिनवरच्या ऑइल स्विचची एकेरी वायर काढून, चावी चालू ठेवून, इंजिनच्या उघड्या लोखंडाला टेकवा. दिवा पेटला तर स्विच गेला. नाही पेटला तर बल्ब किंवा वायर. आणि चालत्या गाडीत हा दिवा लागला तर पुढच्या गावापर्यंत नेऊ नका. तिथेच इंजिन बंद करा. ऑइलचे प्रेशर नसेल तर इंजिन जाम व्हायला फार अंतर लागत नाही.

बॅटरीच्या दिव्याची गंमत वेगळी. बऱ्याच जुन्या अल्टरनेटरला सुरुवातीचा करंट याच छोट्या बल्बमधून मिळतो. बल्ब उडाला की चार्जिंगच नीट सुरू होत नाही. जुने डिझेल इंजिन तरीही धावत राहते, म्हणून दिवसा पत्ता लागत नाही. ईशानंतर माल उतरवून परत निघालात की हेडलाईट बॅटरी खात जातो, हळूहळू पिवळा पडतो, आणि एकदा इंजिन बंद केले की सेल्फ लागत नाही. म्हणून मीटरचे सगळे बल्ब एलईडी करून घेण्याचा मोह झाला तर वायरमनला सांगा: उजेडाचे बदल, बॅटरीच्या दिव्याचा मात्र जुन्या तारेचाच, तेवढ्याच वॅटचा ठेव. एलईडीतून जाणारा करंट अल्टरनेटरला जागे करायला पुरत नाही.