माळ्यावरची ट्रंक रद्दीत घालू नका!

धंतोलीच्या रहिवाशांना जाहीर आवाहन



आपल्या वस्तीतले जुने बंगले एकामागून एक पडत आहेत. अंगण, विहीर, पारिजातक जातो, तिथे हॉस्पिटल किंवा फ्लॅटस्कीम उभी राहते. ते थांबवायला हे पत्रक काढलेलं नाही. आमचं मागणं एवढंच, की घर रिकामं करताना माळ्यावरची ट्रंक न उघडता रद्दीवाल्याला देऊ नका. आजोबांची वकिलीची सनद आणि मानपत्रं घरातले लोक काढून घेतात. आजीच्या वह्या, निमंत्रणपत्रिका, परिषदांचे फोटो आणि वर्गणीची पावतीपुस्तकं मात्र किलोच्या भावाने जातात. नागपूर शहरातल्या बायांच्या हक्कांच्या लढ्याचा निम्मा इतिहास असा वजनकाट्यावर संपला आहे.

धंतोली ही वकील-डॉक्टर-प्राध्यापकांची वस्ती. इथल्या पुरुषांची नावं चौकांना, सभागृहांना, स्मरणिकांना मिळाली. बायांपैकी एखाद-दुसरी लक्षात राहिली तरी ‘फार सेवाभावी होत्या’ या तीन शब्दांत तिची बोळवण झाली. कमलाताई होस्पेटांचंच बघा. बालविधवा असलेल्या या बाईंनी डफरीन हॉस्पिटलात परिचारिकेचं शिक्षण घेतलं आणि 1921 साली वेणूताई नेने यांच्यासोबत सीताबर्डीत मातृसेवा संघ काढला. आज साठी-सत्तरीत असलेल्या कितीतरी नागपूरकरांचा जन्म तिथला. 1961 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, म्हणून त्यांचं नाव तरी उरलं. पण आपण त्यांना दयाळू माउली करून देव्हाऱ्यात बसवलं. बाळंतपणात बाई मरते ते तिचं नशीब नसून समाजाची हयगय आहे, हे त्यांनी विधवेला दाराआड ठेवणाऱ्या काळात, भरवस्तीत संस्था काढून दाखवून दिलं. त्याला सेवा म्हणा, पण ते बंडही होतं.

दुसऱ्या अनसूयाबाई काळे. त्या 1928 मध्ये मध्य प्रांताच्या कायदेमंडळात गेल्या. सविनय कायदेभंगाच्या वेळी त्यांनी तिथली जागा सोडली आणि तुरुंगात गेल्या. 1937 साली मध्य प्रांत व वऱ्हाडच्या विधानसभेच्या उपाध्यक्ष झाल्या, पुढे नागपूरच्या खासदारही. आणखी एक प्रसंग सांगायला हवा: ऑगस्ट 1942 मध्ये चिमूरला पोलीस आणि लष्कराने गावातल्या बायांवर अत्याचार केले. तेव्हा काही आठवड्यांतच नागपूरहून रमाबाई तांबे, विमलाबाई देशपांडे, द्वारकाबाई देवस्कर अशा बाया तिथे गेल्या आणि घाबरलेल्या गावात घरोघर बसून त्यांनी बायांच्या तोंडून झालेला प्रकार ऐकला. चिमूरच्या अत्याचारांविरुद्ध भणसाळींनी केलेलं त्रेसष्ट दिवसांचं उपोषण आपल्याला पाठ आहे, आणि असावंच. पण ज्यांनी आधी जाऊन साक्षी गोळा केल्या त्या बायांची नावं किती जणांना सांगता येतील? बलात्कार झालेल्या बाईचा शब्द हा पुरावा आहे, असं मानून कामाला लागलेल्या या बाया होत्या. आजही न्यायालयांच्या पायऱ्यांवर त्यासाठीच झगडावं लागतं.

पण आमचं सगळ्यात मोठं म्हणणं पुढे आहे, आणि ते धंतोलीला टोचणारं आहे.

डिसेंबर 1937 मध्ये अखिल भारतीय महिला परिषदेचं अधिवेशन नागपुरात भरलं. देशभरच्या शिकलेल्या, प्रतिष्ठित बाया आल्या. शिक्षण, बालविवाह, वारसाहक्क हे परिषदेचे नेहमीचे विषय. त्या अधिवेशनाला जाईबाई चौधरीही गेल्या होत्या. आणि जेवणाच्या वेळी त्यांना व त्यांच्यासोबतच्या अस्पृश्य मानल्या गेलेल्या बायांना वेगळं बसवलं गेलं. जिथे सगळ्या बायांच्या बरोबरीची भाषा होत होती, तिथेच पंगत मोडली होती.

कोण होत्या या जाईबाई? जन्म 1892, उमरेडचा, महार कुटुंबातला. 1896 च्या दुष्काळात घर नागपूरला आलं. नवव्या वर्षी लग्न झालं. पोटासाठी त्यांनी नागपूर-कामठीच्या बाजूला रेल्वेच्या मालाची ओझी डोक्यावर वाहिली. ग्रेगरी नावाच्या मिशनरी बाईंची नजर या मुलीवर पडली आणि मिशनच्या शाळेत शिकवण्याचं काम मिळालं. पण बाई अस्पृश्य आहेत हे कळताच सवर्ण पालकांनी ओरड केली आणि ते काम सुटलं. दुसरी कोणी असती तर खचली असती. जाईबाईंनी 1922 साली स्वतःचीच शाळा काढली, संत चोखामेळा कन्या शाळा. घरोघर जाऊन आयांना विनवून मुली गोळा केल्या. ज्या पालकांनी त्यांना वर्गातून काढलं, त्यांच्या मुलींसाठी शहरात शाळा होत्याच. जाईबाईंनी ज्यांच्यासाठी एकही दार उघडं नव्हतं त्यांच्यासाठी दार केलं.

अशा बाईला 1937 साली ताट वेगळं वाढलं गेलं. अपमान गिळून त्या घरी बसल्या नाहीत. 1 जानेवारी 1938 रोजी नागपुरात दलित बायांनी सभा घेऊन त्या वागणुकीचा जाहीर निषेध केला. अधिवेशनाला पंधरवडाही उलटला नव्हता. अधिवेशनाचा अहवाल छापला गेला, ठराव ग्रंथालयांत पोचले. निषेधाची आठवण मात्र मुख्यतः तिथे जमलेल्यांच्या तोंडी राहिली.

आम्हाला कोणाच्या पणजीला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करायचं नाही. पण त्या अधिवेशनाला शहरातल्या अशाच घरांतल्या बाया गेल्या होत्या, तेव्हा त्याचे फोटो, स्वयंसेविकांच्या याद्या, कदाचित भोजनव्यवस्थेची टिपणं कुठल्या तरी ट्रंकेत असणारच. ती बाहेर आली पाहिजेत. त्यातल्या एखाद्या बाईने त्या दिवशी पंगत सोडून जाईबाईंशेजारी बसायचं धाडस केलं असेल, तर तेही कळलं पाहिजे. कोणीच केलं नसेल, तर तेही. अप्रिय गोष्ट गाळून घेतलेल्या अभिमानाला आम्ही किंमत देत नाही.

1937 च्या त्या अधिवेशनानंतर साडेचार वर्षांनी, 20 जुलै 1942 रोजी, नागपुरात मोहन पार्कमध्ये अखिल भारतीय दलित महिला परिषद भरली. अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या. डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजर होते. वीस-पंचवीस हजार बाया जमल्याची नोंद आहे. आजच्यासारखी बसगाड्यांची, मोबाइलची सोय नसताना, पावसाळ्याच्या दिवसांत, मजुरी बुडवून त्या आल्या. त्यांनी काय मागितलं ते नीट ऐका. नवऱ्यापासून घटस्फोट घेण्याचा हक्क. एकाहून अधिक बायका करण्याच्या चालीला आळा. गिरणीत, बिडीच्या कारखान्यात, नगरपालिकेत काम करणाऱ्या बायांना पगारी रजा, इजा झाली तर भरपाई, म्हातारपणी पेन्शन. बाया काम करतात त्या खात्यात देखरेखीला बाईच नेमावी. अध्यक्षपदावरून सुलोचनाबाईंनी संततिनियमनाचा विषय मांडला. अवघ्या चार वर्षांपूर्वी मुंबईच्या विधानसभेत त्याच विषयावरचा ठराव फेटाळला गेला होता!

घटस्फोट आणि द्विभार्याबंदी देशभरच्या हिंदू बायांना हिंदू विवाह कायद्याने मिळाली, 1955 मध्ये. म्हणजे आज कौटुंबिक न्यायालयात जाणारी धंतोलीतली सून ज्या कायद्याचा आधार घेते, तो हक्क तिच्या आधी या शहरातल्या शेण-पाणी करणाऱ्या आणि गिरणीत राबणाऱ्या बायांनी हात वर करून मागितला होता. तिला हे कोणी सांगितलं आहे का? आमच्या शाळेच्या इतिहासात तरी ही तारीख आलेली आठवत नाही. नागपूरचं 1920 चं काँग्रेस अधिवेशन शिकवलं जातं. मे 1920 मध्ये राजर्षी शाहू महाराजांच्या अध्यक्षतेखाली इथेच भरलेल्या बहिष्कृत परिषदेत तुळसाबाई बनसोडे, रुक्मिणीबाई कोटांगळे मुलींच्या शिक्षणावर बोलल्या, हे शिकवलं जात नाही.

गिरणीच्या बायांवर आणखी बोलायला हवं, कारण एम्प्रेस मिल आपल्या उशालाच होती. 1877 ला सुरू झालेल्या या गिरणीच्या जागेवर आज मॉल आहे. राधाबाई कांबळे गिरणीत कामाला होत्या आणि कामगारांच्या पुढारी झाल्या. 1929 साली नेमलेल्या कामगारविषयक रॉयल कमिशनपुढे त्यांनी गिरणीतल्या बायांच्या हालांबद्दल साक्ष दिली. मध्य प्रांतात बाळंतपणाच्या रजेचा कायदा 1930 मध्ये झाला. धंतोलीत दवाखाना आणि ऑफिस चालवणाऱ्यांनी आपल्याकडच्या आया-मावश्यांना, रिसेप्शनवरच्या मुलींना ती रजा पगारासकट देतो का, हे स्वतःला विचारावं. जुना इतिहास अजून जिवंत आहे तो अशा ठिकाणी.

काही जण म्हणतील, ज्यांचं काम मोठं होतं त्यांची नावं आपोआप टिकली. हे खरं नाही. वऱ्हाडातल्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी 1882 साली ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिलं. ते त्र्याण्णव वर्षं जवळजवळ कोणाच्या खिजगणतीत नव्हतं. 1975 मध्ये स. गं. मालशे यांनी पुन्हा छापलं तेव्हा महाराष्ट्राला ते वाचायला मिळालं. ताराबाईंनी निदान छापून ठेवलं होतं. जाईबाई, राधाबाई, सुलोचनाबाई यांच्याबद्दल आपल्याला जे ठाऊक आहे त्यातलं बरंचसं ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांच्यामुळे. त्या दोघी गावोगाव हिंडल्या, म्हाताऱ्या कार्यकर्त्यांना शोधून त्यांच्यासमोर बसल्या, आणि 1989 मध्ये ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक आलं. जाईबाईंच्या शाळेत शिकलेल्या, खलाशी लाइनच्या वस्तीत वाढलेल्या कौसल्या बैसंत्रींनी आपलं आयुष्य ‘दोहरा अभिशाप’मध्ये 1999 साली हिंदीत लिहिलं. नागपूरच्या मुलीची ही गोष्ट मराठीआधी हिंदीत आली, याची खंत आम्हाला वाटते. विचारायला कोणी गेलं नसतं, लिहायला कोणी बसलं नसतं, तर ही नावं आज उरली नसती. ज्यांच्या घरी ट्रंक होती त्यांचे कागद आपल्या बेपर्वाईने जात आहेत. ज्यांच्या घरी ट्रंकही नव्हती त्यांच्या आठवणी त्यांच्याबरोबर जात आहेत.

म्हणून आमच्या मागण्या. विदर्भ संशोधन मंडळ आणि विद्यापीठाच्या इतिहास विभागाने बायांच्या वह्या, पत्रं, फोटो यांच्या प्रती करून घ्याव्यात आणि मूळ कागद घरच्यांना परत द्यावेत. म्हणजे ‘आजीची वस्तू गेली’ ही भीती राहणार नाही. महापालिकेने आपल्या शाळांत नागपूरच्या या बायांवर एक छोटी पुस्तिका द्यावी, आणि तीत 1937 ची पंगतही असावी. 8 मार्चला हॉटेलात सत्कार करणाऱ्या मंडळांनी एका वर्षीचा शाल-नारळाचा खर्च त्या पुस्तिकेच्या छपाईला द्यावा.

आणि धंतोलीकरांनो, तुमच्याकडून दोन गोष्टी. ट्रंक उघडा, मोडी असो, इंग्रजी असो, वाळवीने खाल्लेलं असो, फेकू नका. दुसरं, तुमच्या घरी धुणंभांडी, स्वयंपाक, रुग्णसेवा करणाऱ्या बाईला विचारा, तिची आजी कुठल्या गिरणीत होती, कोणत्या सभेला गेली होती. 1942 च्या परिषदेत पोर म्हणून आलेल्या बाया आज नव्वदीपुढे असतील. त्यांच्या लेकी साठी-सत्तरीत आहेत. त्यांच्याकडे आधी जायला हवं, कागदांकडे नंतर गेलं तरी चालेल. हे पत्रक ज्यांनी तुमच्या हाती दिलं त्यांच्याकडे नाव आणि घर नंबर द्या. वही आणि रेकॉर्डिंगचा फोन घेऊन आम्ही येऊ. दुपारी दोन ते चार, बायांना मोकळीक असते तेव्हा.

— धंतोलीतल्या काही रहिवासी बाया