अक्षर यंत्राला लागेल, हेलपाटे कुणाला?

अमेरिकी टपाल खात्याचं सॉल्ट लेक सिटीतलं एक केंद्र गिचमीड अक्षरावरच चालतं. पाकिटावरचा पत्ता यंत्राला लागला नाही, की त्याचं छायाचित्र तिथल्या कर्मचाऱ्याच्या पडद्यावर येतं. तो बघतो, चार कळा दाबतो, पत्र पुढे सरकतं. १९९७ मध्ये अशी ५५ केंद्रं होती. यंत्रं सुधारत गेली, केंद्रं बंद होत गेली आणि २०१३ पासून हे एकच उरलं. पण ते उरलं आहे! कागदमुक्त कारभाराची घाई झालेल्यांनी एवढं तरी ध्यानात घ्यावं.

यंत्राकडून हस्ताक्षर वाचून घेण्याचं तंत्र भारताला नवं नाही. २००१ च्या जनगणनेत प्रगणकांनी चौकटींत लिहिलेले आकडे स्कॅन करून संगणकानेच वाचले. युक्ती साधी होती, एका चौकटीत एक अंक.

जुनी मराठी दप्तरं अशी शिस्त पाळत नाहीत. घाईने लिहिणारा शिरोरेघ देत नाही, वेलांटी वरच्या ओळीत घुसते, १ चा ९ होतो. सातबाऱ्यावर ०.४० हेक्टरमधलं टिंब पुसट असेल तर चाळीस आर जमिनीची चाळीस हेक्टर होते. गावच्या तलाठ्याला ते लगेच खटकेल. यंत्राला खटकायचं काही कारण नाही.

सातबारा तर माणसांनीच संगणकावर चढवला, तरी चुका राहिल्या. त्या दुरुस्त करायला जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली तहसीलदारांकडे अर्ज करावा लागतो. म्हणजे चूक दप्तराची आणि हेलपाटे खातेदाराचे. यंत्राने दप्तर चढवण्याचं हेच काम झपाट्याने केलं तर चुकाही झपाट्यानेच होतील.

अमेरिकेने १९५० च्या जनगणनेची पानं १ एप्रिल २०२२ रोजी खुली केली, तेव्हा नावं यंत्राने वाचलेली होती. पण मूळ पानाची प्रतिमा सोबत ठेवली होती आणि चुकलेलं नाव कुणालाही घरबसल्या सुधारून सुचवता येत होतं. आपल्याकडे यंत्राने दप्तरं वाचली, तर निदान खातेदाराला तरी एवढी मुभा का नसावी?

अशा कामाच्या निविदेत ‘९५ टक्के अचूकता’ लिहिणं सोपं असतं. ती एकेका अक्षराची असेल, तर दहा अक्षरांचं नाव पुरतं बरोबर येण्याची शक्यता जेमतेम ६० टक्के भरते. त्यामुळे अचूकता अख्ख्या रकान्याची मागावी, तीही कंपनीने आणलेल्या सुवाच्य नमुन्यांवर नव्हे, तर तालुक्याच्या अभिलेख कक्षातल्या पिवळ्या पडलेल्या कागदांवर मोजून.